आजी की गॅलरी?

बालमित्रांनो, एसटीत चढल्यावर तुम्ही कुठली सीट पकडता? खिडकीची, हो ना? आणि ती मिळाली नाही तर निदान मागची, चाकावरची नको, एवढं तरी बघता. भंडाऱ्याहून पवनीला जाताना ज्यांनी शेवटच्या बाकावर बसून उड्या खाल्ल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. गाडी तीच, तिकीट तेच, ड्रायव्हरही तोच. पण पुढून तिसऱ्या सीटवरचा माणूस झोपा काढतो आणि शेवटच्या सीटवरच्याचं डोकं टपाला लागतं!

आता अशी कल्पना करा, की ही एसटी अकरा मजली आहे, रेल्वेच्या नऊ डब्यांइतकी लांब आहे आणि तिच्यात जागेप्रमाणे तिकिटाचा दर बदलतो. शिवाय त्या जागेवर तुम्हाला तीन-चार दिवस मुक्काम करायचा आहे. कुठली जागा घ्याल? किती पैसे मोजाल?

हा प्रश्न सध्या आमच्या घरात गाजतो आहे. आम्ही पाच माणसं. मी, आमचे हे, सातवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि आजी, म्हणजे माझ्या सासूबाई. पाचांपैकी एकानंही जहाजात पाय ठेवलेला नाही. आम्हाला माहीत असलेलं जहाज म्हणजे वैनगंगेतला ढिवरांचा डोंगा, नाहीतर आंभोऱ्याच्या संगमावरची नाव. दोन वर्षं भिशीचे पैसे बाजूला ठेवले, मुंबईहून समुद्राची सफर करायचं ठरलं, आणि जहाजाचं माहितीपत्रक हातात आल्याबरोबर घरात दोन पक्ष पडले. ते कोणते, हे पुढे सांगते. आधी जहाजाची ओळख करून घेऊ.

मुंबईहून गोव्याला बोटीनं जाणं ही काही नवी गोष्ट नाही. कोकणातल्या माणसांना तर ते अंगवळणीच पडलेलं होतं. १९७० आणि १९८० च्या दशकांत ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी मुंबई-गोवा फेऱ्या करत. बरेचसे प्रवासी डेकवर वळकटी पसरून, उशाला ट्रंक घेऊन झोपत. त्या बोटी होत्या गावाला पोहोचण्यासाठी. आताची क्रूझ असते जहाजावर राहण्यासाठी. म्हणजे जहाज हेच गाव! २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ नावाची क्रूझ सुरू झाली होती, ती २०२० मध्ये थांबली. मग सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करू लागलं. हे जहाज १९९० साली फ्रान्समधल्या सेंट नाझेर इथे बांधलेलं आहे. त्याची लांबी २११ मीटर. नव्या पद्धतीचा रेल्वेचा डबा साधारण साडेतेवीस मीटर लांब असतो. भागाकार करून पाहा, वर मी नऊ डबे म्हटलं ते उगीच नाही.

तर अशा जहाजावर झोपायच्या खोलीला केबिन म्हणतात. केबिनचे चार प्रकार लक्षात ठेवले की पुरे. पहिली आतली केबिन. हिला खिडकीच नसते, चारी बाजूंनी भिंती. दुसरी खिडकीची. ही खिडकी उघडत नाही, जाड काचेतून नुसता समुद्र बघायचा. तिसरी गॅलरीची. दार उघडलं की छोटीशी गॅलरी, खुर्ची टाकून बसा आणि लाटा मोजा. चौथी सूट, म्हणजे बैठकीची जागा असलेली मोठी खोली. तिचा दर वाचून मी माहितीपत्रकाचं ते पान उलटलं, तुम्हीही उलटा!

पण खरी गंमत प्रकारात नाही, जागेत आहे. सी-सॉवर तुम्ही बसला आहात ना? टोकावरची मुलं वर-खाली, वर-खाली होतात आणि मधल्या खुंटीवर एखादं पाखरू बसलं, तर ते जागचं हलतही नाही. जहाजाचंही तसंच. लाटेवर चढताना जहाजाचं पुढचं टोक वर जातं तेव्हा मागचं खाली येतं. म्हणून टोकाकडच्या केबिनला झोका मोठा, मधल्याला लहान. शिवाय जहाज या कुशीवरून त्या कुशीवर कलतं, तो झोका वेगळा. बांबूच्या बेटाजवळ वारा सुटला असताना उभे राहा. शेंडे केवढे डुलतात, आणि बुडखा? तो ढिम्म! म्हणजे जितक्या वरच्या मजल्यावर केबिन, तितका झोका मोठा. मोठ्या जहाजांना पाण्याखाली माशाच्या परांसारखे पर बसवलेले असतात, त्यांनी हे कलणं बरंच कमी होतं. पण निसर्गाचा नियम काही सुटत नाही. डोंग्यात चढणाऱ्या नवख्या माणसाला ढिवर काय सांगतो? “मधात बस आणि खाली बस.” मोठ्या जहाजाचं शास्त्रही याहून वेगळं नाही.

आता डोकं चालवा. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली, बिनखिडकीची केबिन सर्वांत कमी हलते. आणि तिचा दर? साधारणपणे सर्वांत कमी! उंचावरची, गॅलरीवाली केबिन जास्त हलते आणि तिला पैसे जास्त. कारण दर ठरतो तो देखाव्यावर. पोटात ढवळेल की नाही, याचा दराशी फारसा संबंध नाही. हे मला कळलं तेव्हा मी आमच्या ह्यांना दोनदा वाचून दाखवलं.

अर्थात आतल्या केबिनचे तोटेही आहेत, ते लपवून चालणार नाही. दिवा मालवला की मिट्ट काळोख. सकाळ झाली की दुपार, काही कळत नाही. अंधाराला भिणारं लहान भावंड असेल, तर एक छोटी बॅटरी उशाशी ठेवावी लागते. ज्याला बंद खोलीत गुदमरल्यासारखं होतं, त्याच्यासाठी ही केबिन नाहीच. त्याच्यासाठी खिडकीचे जास्तीचे पैसे द्यावेत आणि कुरकुर करू नये.

माहितीपत्रकात जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो. मोठी माणसं तो बघत नाहीत, नुसती फोटो बघतात! तुम्ही मात्र पेन्सिल घेऊन बसा. आपल्याला आवडलेल्या केबिनच्या वर काय आहे? खाली काय आहे? वर पोहण्याचा तलाव असेल, तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा खरखराट ऐकू येईल. खाली नाचगाण्याचं सभागृह असेल, तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. अगदी पुढच्या टोकाला, ज्याला कोकणातले खलाशी नाळ म्हणतात, तिथे नांगराची साखळी खडखडते. मागच्या टोकाला यंत्रांची थरथर. सगळ्यांत चांगली ती केबिन, जिच्या वरही केबिनच आणि खालीही केबिनच. लिफ्ट जवळ हवी, पण दाराला लागून नको. आमच्या आजींचे गुडघे दुखतात, म्हणून मी लिफ्टपासूनची दारं मोजली. सात दारांपर्यंत चालेल, असं आजींनी सांगितलं.

आणखी एक खेळ आमच्या अंगणात झाला, तो तुम्हीही करा. केबिनचं क्षेत्रफळ दिलेलं असतं. समजा ११० चौरस फूट लिहिलंय, म्हणजे ११ फूट लांब, १० फूट रुंद. खडूनं तेवढा आयत आखा. त्यातच न्हाणीघराचा आणि कपाटाचा कोपरा काढा. आता उरलेल्या जागेत चार उश्या टाका आणि चौघं आत उभे राहा. आमच्याकडे एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला आणि भांडण लागलं! चौघांच्या केबिनमध्ये बहुधा दोन पलंग खाली असतात आणि दोन बर्थ भिंतीतून किंवा छतातून उघडतात, आपल्या रेल्वेच्या वरच्या बर्थसारखे. मुलांची त्यात चंगळ. आजीला मात्र शिडी चढायला सांगता येत नाही.

आता पैशांकडे येऊ. आणि इथेच आमच्या घरातले ते दोन पक्ष भेटतील.

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं, “फक्त २०,००० रुपयांपासून!” मुलांनो, ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय आहे, हे तुम्ही व्याकरणात शिकलात. जाहिरातीतला सर्वांत महाग शब्द तोच. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: दर माणशी, एका खोलीत दोघे धरून, कर आणि बंदर शुल्क वेगळे. आपण एक गणित सोडवू. यातले आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून मी घेतले आहेत, कुठल्याही कंपनीचे खरे दर म्हणून ते धरू नका. खरे दर तर तारखेगणिक बदलतात.

समजा, आतल्या केबिनमध्ये पहिल्या दोन माणसांना प्रत्येकी २०,००० रुपये. त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्याला प्रत्येकी १०,०००. कर, बंदर शुल्क आणि जहाजावरच्या सेवकांची बक्षिसी मिळून माणशी ५,०००. आम्ही चौघं, म्हणजे आईबाबा आणि दोन मुलं, एका खोलीत राहिलो तर? ४०,००० अधिक २०,००० अधिक २०,०००, एकूण ८०,००० रुपये. गॅलरीच्या केबिनमध्ये पहिल्या दोघांना ३५,००० आणि पुढच्या दोघांना १५,००० धरा. ७०,००० अधिक ३०,००० अधिक वरचे २०,०००, म्हणजे १,२०,०००.

आणि आजी? एका केबिनमध्ये चारच माणसं. एसटीत आपण म्हणतो, सरका जरा, मांडीवर घेते लेकराला. जहाजावर हे मुळीच चालत नाही. अंगावरचं बाळसुद्धा मोजलं जातं, कारण प्रत्येक डोक्यामागे जीवरक्षक नौकेत एक जागा असावी लागते. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडालं तेव्हा जहाजावर सुमारे २,२०० माणसं होती आणि नौकांमध्ये जागा होत्या १,१७८. त्यानंतर १९१४ मध्ये देशादेशांनी मिळून सुरक्षेचे नियम केले. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, त्यात सहाशेहून अधिक माणसं गेली. म्हणून या मोजणीवर चिडू नये. पहिल्याच दिवशी भोंगा वाजवून सगळ्यांना नौकेजवळ जमवतात, तेव्हाही टाळाटाळ करू नये.

तर आजी आल्या की दुसरी खोली आली. तीन माणसं एका खोलीत, दोन दुसरीत. आता पूर्ण दराची माणसं चार झाली, ८०,०००. तिसऱ्या माणसाच्या दरात एकच, १०,०००. वरचा खर्च पाच जणांचा २५,०००. एकूण १,१५,०००. आजींचे २५,००० वाढायला हवे होते, वाढले ३५,०००! दहा हजार कुठून आले? आजींच्या खोलीत जे नातवंड झोपणार, ते पहिल्या खोलीत चौथं माणूस होतं, इथे ते दुसरं माणूस झालं. त्याचा दर १०,००० वरून २०,००० वर गेला.

दोन्ही बेरजा शेजारी लिहून बघा. चौघं आणि गॅलरी, १,२०,०००. पाच जण आणि आजी, खिडकीसुद्धा नाही, १,१५,०००. आमच्या भिशीत दोन्ही जेमतेम बसतात. मुलगा गॅलरीच्या पक्षात, मुलगी आजीच्या. आजींनी स्वतः गॅलरीला मत दिलं. “मी काय करू तिथे? कोंबड्यांकडे कोण बघणार? तुम्ही जाऊन या,” असं म्हणून त्या सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. मुलगा हुशार, त्यानं तिसरा हिशेब काढला. तीन माणसं आतल्या केबिनमध्ये, त्यांचे ५०,०००. दोघं गॅलरीत, ७०,०००. वरचे २५,०००. बेरीज १,४५,०००. गणित बरोबर होतं, भिशी अपुरी होती.

एखादी कंपनी “मुलांना मोफत” अशी सवलत देते. खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाचं मूळ भाडं नाही, वरचे ५,००० मात्र द्यायचे. अशा वेळी आम्हा चौघांना आतल्या केबिनचे ६०,००० पडतील. आणि आजी धरून दोन खोल्यांत पाच जणांना? घाई करू नका, कागद घ्या. उत्तर १,०५,००० यायला हवं. नाही आलं, तर दुसऱ्या खोलीतलं मूल मोफत धरलंत, असं समजा.

दर ताडून बघताना सारख्याची सारख्याशी तुलना करावी. एका जहाजाच्या दोन रात्री आणि दुसऱ्याच्या चार रात्री असतील, तर आधी दर रात्रीचा, दर माणशी खर्च काढावा. जेवण बहुतेक क्रूझच्या भाड्यातच असतं. थंड पेयं, खास उपाहारगृहं, इंटरनेट, बंदरात उतरून केलेल्या सहली, यांचे पैसे बहुधा वेगळे. तिकीट रद्द केलं तर किती परत मिळतात, हे आधीच विचारून ठेवावं, कारण आजींचं पडणं-झडणं आपल्या हातात नसतं. काही ठिकाणी “केबिन आम्ही निवडू” असं म्हणून दर कमी करतात. दोन मित्र असतील तर खुशाल घ्यावं. आपल्याला मात्र दोन खोल्या शेजारी हव्यात, मधोमध हव्यात, लिफ्टपासून सात दारांच्या आत हव्यात. तिथे नशिबावर भरवसा ठेवणं मला पटत नाही. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत दर चढलेले असतात, हे ओघानं आलंच. शाळा बुडवा, असं मी तर सांगू शकत नाही!

भंडारेकरांना आणखी एक खर्च मोजावा लागतो, तो मुंबईकरांना नसतो. मुंबई आपल्यापासून रेल्वेनं सुमारे ९०० किलोमीटर. गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्सप्रेस वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर पकडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरायचं. तिथून बॅलार्ड पिअर जवळच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेलं नवं क्रूझ टर्मिनल त्याच भागात आहे. पण गाडीला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. त्यामुळे एक दिवस आधी मुंबई गाठायची, आणि त्या रात्रीच्या लॉजचं भाडंही सफरीच्याच हिशेबात धरायचं. रेल्वेत वयाची बाराही पुरी न झालेल्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ मागितला, तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं. तेही लिहून ठेवा.

आधी समुद्र सोसतो का ते बघायचं असेल, तर स्वस्त उपाय आहे. मुंबईला नातेवाइकांकडे जाणं झालं, की भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत बसा. ही बोट २०२० मध्ये सुरू झाली, गाड्याही पोटात घेते आणि साधारण तासाभरात पलीकडे पोहोचवते. तासभरात जीव घाबराघुबरा झाला, तर मोठ्या सफरीआधी डॉक्टरांना भेटावं. मळमळीच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नयेत, आजीआजोबांनी तर नाहीच. त्यांची रक्तदाबाची औषधं चालू असतात.

आमच्या घरी अखेर मतदान झालं नाही. मुलीनं अंगणातल्या खडूच्या आयताशेजारी दुसरा आयत आखला आणि त्यात आजींचं पांघरूण नेऊन ठेवलं. मुलगा थोडा वेळ घुश्शात होता. मग तोच म्हणाला, “डेकवर तर कोणीही बसू शकतं ना? मग मी झोपायलाच खाली जाईन.” दोन आतल्या केबिन, खालच्या मजल्यावर, मधोमध, शेजारी-शेजारी. एकीत आजी आणि नात, दुसरीत आम्ही तिघं. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच मिळतं, त्यामुळे जहाजाची तारीख पक्की झाली की कॅलेंडरवर त्या दिवसाला लाल गोल करायचा आहे.

आजींनी आता कोंबड्यांची सोय शेजारच्या काकूंकडे लावली आहे. त्यांचा एकच प्रश्न उरला होता. त्या रोज पहाटे सूर्याला पाणी देतात. खोलीला खिडकी नाही, मग तिथे काय करायचं? डेकवरून समुद्रात काही टाकायचं नसतं, म्हणून तेवढे दिवस नुसता नमस्कार करायचा, हे त्यांनी मान्य केलं. पण उभं कुठे राहायचं? जहाज मुंबईहून गोव्याला, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून चाललेलं. मग सूर्य जहाजाच्या कुठल्या हाताला उगवेल? आणि परत येताना? मुलीनं पाटीवर जहाज काढून आजींना दोन्ही बाजू दाखवल्या आहेत. तुम्हीही काढून बघा.